यंत्र येईपर्यंत चांगो आहेच

कुठल्याही मंडळात माणूस पाच-सहा वर्षं टिकला की त्याच्याकडे किस्से साठतातच. माळ्यावर रिकामे डबे साठतात तसे. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण फेकायलाही कुणी वर चढत नाही. आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या पोहणाऱ्यांच्या मंडळाचे तर इतके साठलेत, की जुने मेंबर भेटले की चहा गार होतो. "मोरे, तो टाकीचा सांग! तो बादलीचा सांग!" मी सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं.

आज सगळे एका दमात सांगून टाकतो. हसायचं तिथे खुशाल हसा. मला हसायला सांगू नका.

मंडळ म्हणजे कारखान्यातले वीस-पंचवीस जण. मी टर्नर, बाकी कुणी फिटर, कुणी स्टोअरमध्ये. रविवारी उल्हास नदीवर पोहायचं, मे महिन्यात पोरांचं शिबिर घ्यायचं. नदीत किंवा बदलापूरच्या पुढच्या धरणात कुणी बुडालं की लोक आमच्याकडे धावत यायचे. आम्ही मंडळाचे टी-शर्ट घालून जायचो, गर्दी हटवायचो, दोर धरायचो.

पाण्याखाली जायचा तो चांगो. तो टी-शर्टवाला नव्हता. धरण झालं तेव्हा ठाकर आदिवासींची एक वाडी पाण्याखाली गेली आणि माणसं वर डोंगराच्या अंगाला सरकली, त्या वाडीतला हा चांगो. पोटाशी धोंडा धरून खाली जायचा, तळाला पोचला की धोंडा सोडायचा आणि हाताने चाचपत फिरायचा. धोंड्याला वेगळा दोर, तो आम्ही वर ओढून घ्यायचो. बुडालेला माणूस बहुतेक वेळा जुन्या वाडीच्या भिंतींत, नाहीतर उभ्या वाळलेल्या झाडांत अडकलेला असायचा. एका माणसासाठी चांगोला दहा-दहा बुड्या माराव्या लागायच्या.

एकदा तो वर आला तो उजव्या कानातून रक्त घेऊनच. बदलापूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि आम्हालाच झापलं. "उजव्या कानाचा पडदा फाटलाय. डाव्याचीही हीच गत होणार. खोल बुड्या बंद करा, नाहीतर ठार बहिरा होईल हा माणूस!"

त्याच आठवड्यात मंडळाची मीटिंग. अध्यक्ष सप्रेसाहेब, कारखान्यात फोरमन. त्यांनी कुठल्याशा मासिकात फिश फाइंडर नावाचं यंत्र बघितलं होतं. हे यंत्र पाण्यात आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, आणि पडद्यावर तळाचं चित्र उमटतं. झाड, भिंत, खडक, मासा, सगळं. म्हणजे जागा यंत्राने शोधायची आणि चांगोने एकदाच खाली जायचं. दहा बुड्यांच्या जागी एक!

ठराव एका मिनिटात एकमताने पास. सेक्रेटरी कर्णिकांनी विचारलं, "यंत्र येईपर्यंत काय करायचं?"

सप्रेसाहेब म्हणाले, "येईपर्यंत चांगो आहेच की!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

*

कर्णिक म्हणजे फायलीत जन्मलेला माणूस. यंत्र निवडण्याआधी गरज काय ते लेखी पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. चांगोला रोजंदारी बुडवून ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे बिल्डिंगच्या जिन्याखालची खोली.

"खाली किती खोल असतं?" कर्णिकांनी पेन उघडलं.

"तीन परस. विहिरीकडं चार."

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आपल्याकडे गावोगाव विहिरी अशाच मोजतात. पण यंत्र फुटात मोजतं. मग एका परसाचे फूट किती? एक म्हणाला साडेसहा, दुसरा म्हणाला सात. कर्णिकांनी आम्हा सगळ्यांना भिंतीशी हात वर करून उभं केलं आणि पट्टीने मोजलं. एकवीस माणसं! पोलिसांनी धरल्यासारखे आम्ही हात वर करून उभे. मग बेरीज, भागाकार, आणि 'मंडळाचा सरासरी परस' वहीत चढला. अख्खी मीटिंग त्यात गेली.

चांगो कोपऱ्यात उकिडवा बसून बघत होता. सगळ्यांत बुटका तोच. शेवटी म्हणाला, "पर साहेब, खाली तं मीच जातो ना? मंग माझाच परस धरा की."

सगळे हसले. वहीत मात्र सरासरीच राहिली.

*

मग कर्णिकांनी त्याला पाण्याखालचा नकाशा काढायला सांगितला. चांगोला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो बाहेर गेला आणि टोपलीभर खडे घेऊन आला. खोलीच्या फरशीवर त्याने अख्खी वाडी मांडली. हा पाटलाचा ओटा, ही चिंच, चिंचेखाली विहीर, हा देवीचा चौथरा, इथे वाट खाली उतरते. प्रत्येक खड्यावर बोट ठेवून सांगत होता. एका जागी थांबला आणि म्हणाला, "हा आमचा उंबरा."

मी तर बघतच राहिलो. ज्या चित्रासाठी आम्ही परदेशी यंत्र शोधत होतो, ते फरशीवर पडलं होतं! मी म्हटलं, कागदावर उतरवून घ्या. कर्णिक म्हणाले, "स्केल कुठे आहे? पुढच्या मीटिंगमध्ये बघू."

मीटिंगच्या आदल्या दिवशी ऑफिसात सत्यनारायण होता. खोली झाडून, धुऊन स्वच्छ. खडे गेले बाहेरच्या गटारात.

चांगो आला, रिकाम्या फरशीकडे बघून उभा राहिला. म्हणाला, "दुसऱ्यांदा गेली." आणि प्रसादाचा द्रोण घेऊन बाहेर जाऊन बसला. मी त्या दिवशी प्रसाद न घेता घरी गेलो. सत्यनारायणावर माझा राग नव्हता, आमच्यावर होता.

*

यंत्र बघायला आम्ही उल्हासनगरला गेलो, खेमचंदशेठच्या दुकानात. जपानी टेप, अमेरिकन घड्याळं, जर्मन मिक्सर, सगळं त्याच्याकडे मिळायचं. त्यातलं बरंचसं मागच्या गल्लीतच तयार व्हायचं, हा भाग वेगळा. पण फिश फाइंडर मात्र खरा होता. भाच्याने दुबईहून आणलेला. डब्याएवढं यंत्र, राखाडी पडदा, आणि वायरीच्या टोकाला पाण्यात बुडवायची साबणाएवढी वडी.

"चालवून दाखवा," सप्रेसाहेब म्हणाले.

"अभी दिखाता हूँ साईं!" खेमचंदशेठने नोकराकडून बादली भरून आणली, वडी बादलीत टाकली, वायरी बॅटरीला जोडल्या. पडद्यावर काहीच नाही. बादलीत काय दिसणार कपाळ! त्या यंत्राला चार-पाच फूट तरी पाणी लागतं. मी कॅटलॉग वाचला होता, मी सांगितलं. पण खेमचंदशेठ हार मानणारा नव्हे. त्याने बादलीत आधी पेपरवेट टाकला, मग कुलूप, मग स्वतःची चप्पल.

सप्रेसाहेब वाकून वाकून पडदा बघत होते. गंभीर होऊन म्हणाले, "मला वाटतं, चप्पल पुसट दिसतेय."

कर्णिकांनी लिहून घेतलं!

*

मी म्हटलं, खोल पाण्यातच टेस्ट घ्या. धरणावर न्या. सप्रेसाहेब म्हणाले, "एवढं महाग यंत्र एकदम धरणावर? आधी आपल्या बिल्डिंगच्या टाकीत बघू." खेमचंदशेठने यंत्र एका दिवसासाठी दिलं. गच्चीवर पाण्याची मोठी सिमेंटची टाकी, आठ फूट खोल. झाकण उघडून वडी आत सोडली.

आणि खरंच तळ उमटला! सरळ रेघ, आणि रेघेच्या मधोमध एक उंचवटा. "स्ट्रक्चर!" सप्रेसाहेब ओरडले. आम्ही एकमेकांचे हात हलवले. खालून बायका विचारायला लागल्या, पाणी का गेलं म्हणून.

कर्णिक म्हणाले, "पण तिथे खरंच काही आहे कशावरून? खात्री करायला हवी."

आणि चांगोला निरोप गेला! तो वाडीवरून वांगणीला आला, तिथून अंबरनाथला, कानात कापूस. मी म्हटलं, "अहो, टाकी रिकामी करून बघा ना!" तर म्हणे लोकांचं दिवसाचं पाणी वाया जाईल. चांगोने कापूस काढून माझ्या हातात दिला, टाकीत उतरला, आणि सिमेंटने भरून दगड झालेलं एक घमेलं वर काढलं. टाकी बांधली तेव्हाच गवंडी विसरून गेला असणार. म्हणजे सहा वर्षं आम्ही ते पाणी पीत होतो.

"यंत्र बरोबर आहे!" सप्रेसाहेबांनी जाहीर केलं.

माणसाची बुडी वाचवायला यंत्र, आणि यंत्र खरं की खोटं बघायला त्याच माणसाची बुडी. हे कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही. हा किस्सा सांगितला की लोक घमेल्याला हसतात.

*

देणगी द्यायला एक गृहस्थ तयार झाले होते. अतिशय सज्जन आणि तितकेच कट्टर शाकाहारी. फिश फाइंडर हे नाव ऐकलं आणि त्यांनी हात आखडला. "मासे पकडायला मी मदत करणार नाही. पाप आहे."

समजावलं, मासे नाही, माणसं शोधायचीत. म्हणाले, "पण दिसणार ना मासे त्यात?"

दोन महिने पत्रव्यवहार चालला! शेवटी कर्णिक खेमचंदशेठकडे जाऊन विचारते झाले, की मासे सोडून बाकी सगळं दिसेल असं मॉडेल आहे का.

मला वाटलं, शेठ त्यांना दुकानाबाहेर काढणार. पण शेठ शांतपणे म्हणाला, "है ना साईं! ये बटन दबाव, मछली बंद. वेजिटेरियन मशीन!"

तसं बटण खरंच होतं. गृहस्थांनी स्वतः येऊन ते दाबून बघितलं आणि चेक दिला. त्या दोन महिन्यांत चांगो पाच वेळा धरणात उतरला.

*

आता कोनाचा किस्सा. यंत्रातून आवाज बाहेर पडतो तो पसरत जातो, उलट्या फनेलसारखा. फनेल रुंद असेल तर जास्त जागा दिसते, पण अंधुक. अरुंद असेल तर थोडीच जागा दिसते, पण स्वच्छ. आम्हाला बुडालेल्या वाडीतली भिंत न् भिंत हवी होती, तेव्हा अरुंद घ्यावा, हे उघड होतं. पण सप्रेसाहेबांना रुंद हवा होता. फळ्यावर खडूने त्रिकोण काढून त्यांचं भाषण सुरू होतं. तेवढ्यात बदलापूरहून एक जण मोटारसायकलवर आला. धरणावर सहलीला आलेला कॉलेजचा मुलगा बुडाला होता. चांगोला वाडीवरून आधीच नेलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा चांगोच्या सात बुड्या झाल्या होत्या. आठव्या वेळी त्याने मुलाला वर आणलं. जुन्या विहिरीच्या काठाशी, चिंचेच्या फांदीत अडकला होता. त्या मुलाची आई काठावर होती. त्याबद्दल मी काही सांगणार नाही.

चांगो खडकावर बसला होता, मान कलती, डाव्या कानावर तळहात दाबलेला. बोटांच्या फटीतून रक्त. त्याची बायको बुधी पदराने पुसत होती. आणि कर्णिक वही घेऊन त्याच्यापाशी गेले! "चांगो, तुला काय वाटतं, कोन रुंद असावा की अरुंद?"

चांगोने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. म्हणाला, "विहिरीपाशी व्हता."

मी कर्णिकांच्या हातातली वही घेतली आणि पाण्यात भिरकावली. होय, भिरकावली! आयुष्यात मी मंडळासाठी केलेलं तेवढंच एक बरं काम. दुसऱ्या दिवशी माझ्यावर निषेधाचा ठराव आला आणि नवी वही आली.

*

आणि हा किस्सा माझा स्वतःचा. हा मी सहसा सांगत नाही.

चेक हातात होता. खेमचंदशेठकडचं यंत्र दुकानात तयार होतं. त्याच संध्याकाळी उचलायचं, असं मीटिंगमध्ये ठरलं. आणि मी उठून उभा राहिलो.

म्हटलं, "हे यंत्र कुणासाठी घेतोय आपण? चांगोसाठी. त्याला आकडे वाचता येतात? पडदा कळणार आहे? मग वाजणारं मॉडेल घ्या! खाली काही आलं की यंत्र शिटीसारखं वाजतं, ते घ्या. त्याला कुणा साहेबाच्या तोंडाकडे बघावं लागू नये. आवाज ऐकला की त्याचं त्याला कळलं पाहिजे!"

पहिल्यांदाच सगळ्या मंडळाने माझं ऐकलं. सप्रेसाहेबांनी माझी पाठ थोपटली. "मोरे, ह्याला म्हणतात माणुसकी!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी जाऊन बायकोलाही सांगितलं.

वाजणारं मॉडेल खेमचंदशेठकडे नव्हतं. भाचा दुबईहून दिवाळीला येणार, तेव्हा आणणार. दिवाळीला आला तो विसरून आला. मग होळीला आणलं. तोपर्यंत पाच महिने गेले.

त्या पाच महिन्यांत किती बुड्या झाल्या, ते मी मोजलं नाही. कर्णिकांच्या नव्या वहीत असेल.

*

उद्‌घाटन धरणावरच झालं. काठाला मंडप, सतरंजी, माईक. चांगोला पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार, अंगात पहिल्यांदाच मंडळाचा टी-शर्ट. शेजारी बुधी. सप्रेसाहेबांचं भाषण झालं. लोक हसले की चांगो हसायचा, लोकांनी टाळ्या वाजवल्या की तो वाजवायचा, जरा मागाहून. एरवी भाषणात डुलक्या काढणारा माणूस आज किती लक्ष देऊन बसलाय, असं मला वाटलं.

मग यंत्र होडीत ठेवलं. मी, सप्रेसाहेब, कर्णिक आणि चांगो असे चौघं होडीत. चांगो होडीत बसला तो सवयीने धोंडा आणि दोर घेऊनच. आम्ही हसलो. सप्रेसाहेब म्हणाले, "राहू दे, फोटोत चांगला दिसेल."

होडी जुन्या वाडीवर आली. पडद्यावर तळाची रेघ सरकत होती. ओट्याचा उंचवटा आला, मग खड्डा, मग झाडासारखं काही. फरशीवर खडे मांडले होते, त्याच क्रमाने. आणि यंत्र वाजलं! काय आवाज होता! काठापर्यंत गेला. मंडपातले लोक उभे राहून ओरडायला लागले. सप्रेसाहेब आनंदाने अर्धे उठले आणि पाण्याकडे बोट दाखवून ओरडले, "इथे! इथे! ह्याच्या खाली!"

मी चांगोकडे बघितलं. तो यंत्राकडे बघत नव्हता. आमच्या तोंडांकडे बघत होता. मग त्याने काठावर ओरडणाऱ्या माणसांकडे बघितलं, सप्रेसाहेबांच्या बोटाकडे बघितलं. त्याचा चेहरा एकदम बदलला. त्याने हार काढला, टी-शर्ट काढला, धोंडा पोटाशी घेतला.

"चांगो!" मी ओरडलो. "अरे, कुणी नाहीये खाली!"

तो माझ्याकडे पाठ करून होता. गेला.

काठावरून बुधीची हाक आली, "त्यांचा हात धरा भाऊ! हाक मारू नका, हात धरा!"

यंत्र वाजतच होतं. कर्णिक पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा बघा, हा चांगो! स्पष्ट दिसतोय!"

बऱ्याच वेळाने तो वर आला. होडीची कड धरली, दम खाल्ला. दोन्ही कानांतून लाल ओघळ.

"विहिरीपाशी नाय," तो म्हणाला. "चिंचंखाली बी नाय. कोन व्हता? पोरगा व्हता का मोठा मानूस?"

मी त्याचा हात धरायला वाकलो. तेवढ्यात सप्रेसाहेबांनी दोन्ही हात हलवून त्याला खुणेने सांगायला सुरुवात केली, नाही, नाही, खाली, खाली कुणी नाही.

चांगोने मान डोलावली, म्हणाला, "बरा. मंग परत बघतो," आणि कड सोडली.